आठवा जबाब

इन्स्पेक्टर निंभोरकरांनी मनगटावर पट्टा बांधला, तेव्हा समोर बसलेल्या कुसुम ढगेच्या जिवाला तीन वर्षांत पहिल्यांदा गार वाटलं. नव्या कायद्यानं जबाब घेणाऱ्याला हा पट्टा सक्तीचा केला होता. फिर्यादीच्या अंगावर जे गुदरलं, ते तिनं सांगताना ऐकणाऱ्याच्या अंगालाही भोगावं लागे. पट्टा सोडायचा हक्क फक्त फिर्यादीचा.

कुसुमच्या शिवणकामाच्या दुकानात शिरून एकानं तिच्या तोंडावर ॲसिड फेकलं होतं. याच खोलीत तिनं सात वेळा जबाब दिला. दर वेळी निंभोरकर बशीत चहा ओतत म्हणायचे, "बाई, पुन्हा पहिल्यापासून सांगा. आणि आठपर्यंत दुकान उघडं कशाला ठेवलं होतं?" सात जबाब एकमेकांशी जुळले नाहीत, म्हणून तो माणूस सुटला. आज खटला पुन्हा उघडला होता.

निंभोरकरांनी सवयीनं बशी उचलली.

"मी मशीनवर वाकले होते," कुसुम सावकाश म्हणाली. "दारातून आवाज आला, मापं द्यायची आहेत. मी मान वर केली."

निंभोरकर किंचाळले. बशी फरशीवर फुटली. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड दाबून धरलं. कुसुमच्याही गालाची आग झाली, पण ती आग तिला रोजचीच होती.

"बस्स, ताई! कळलं मला, सगळं कळलं. सोडा हा पट्टा!"

कुसुमनं खुर्ची पुढे ओढली.

"घाई कशाला साहेब? अजून सहा वेळा राहिलंय. पुन्हा पहिल्यापासून सांगते."