लोढणं

नैराश्याशी झगडणाऱ्यांचा ऑनलाइन गट मी सांभाळते; सगळे मला आजी म्हणतात. एकजण मात्र दिसेल त्याला घालूनपाडून बोलायचा. "काढाच त्याला," बाकीचे म्हणाले. मी त्याला वेगळं गाठून सांगितलं, "शिव्या द्यायच्या तर मला एकटीला दे." तेव्हापासून तासातासाला शिवी येते. फोनला पिशवी शिवली, नाडी लावून गळ्यात अडकवली. लेक चिडते, "आई, काढ ते लोढणं! ब्लॉक कर त्याला." पण शिवी आली म्हणजे तो आहे. आज सकाळपासून फोन मुका होता. दुपारी धीर सुटला, लहानपणी माझी आई भावाला लाडानं हाक मारायची तसंच लिहून गेले: "मेल्या, शिव्या संपल्या का रे?" पाठवल्यावर माझाच पहिला शब्द नीट वाचला. पिशवी मुठीत धरून बसले. फोन थरथरला. "थेरडे, मेलो नाही अजून." नाडीची गाठ मी घट्ट केली.