टीव्हीतला मोहा

मिथुननं लहानपणी खेळलेला जंगलातला व्हिडिओ गेम नव्या, चकाचक रूपात परत विकत घेतला. त्याची आई गिरजाबाई भडकली.

"तोच गेम दुसऱ्यांदा काऊन घेतला? आत्ताच्या आत्ता वापस कर!"

"आई, पहिले झाडं नुसते हिरवे डब्बे दिसत होते. आता पाह्य, पान न पान वळखू येते!"

गिरजाबाईनं टीव्हीला नाक लावलं. "अवो माय, हा तं मोहा! खाली फुलांचा सडाच पडला हाय!"

वापस करायचा विषय तिथंच संपला.



संध्याकाळी मोहफुलं वेचायच्या गावाच्या रिवाजाप्रमाणे टीव्हीतल्या मोहांचंही घरटी एक झाड वाटून झालं, आणि शेजारच्या इतवारीबाईंनी मिथुनला बजावलं, "नाल्याजवळचं आमचं. गेमातल्या त्या राक्षसाले सांग, दुसऱ्याच्या झाडाखाली उभं राहाचं नाई!"