तिची फाइल

"सर, मॅडमची फाइल शेवटी घेतलीये," नेत्रा म्हणाली. "चालली नाही तर साहेब म्हणतात, टाकून द्या, नवी लिहू."

त्याने मान हलवली. प्रोग्रामच्या भाषेची नवी आवृत्ती आली होती, आणि जुन्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, मागवणाऱ्या ओळी टूल आपोआप बदलत होतं. ही फाइल लिहिणारी त्याची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या हातचं एवढंच अजून रोज चालत होतं. त्याने स्वतःच त्या फाइलवर टूल चालवलं.

स्क्रीनवर उमटलं: बदलाची गरज नाही.

"असं कसं?" नेत्राने फाइल उघडली. बायकोने आजारपणातच लिहून ठेवलं होतं: आधी नवी लायब्ररी शोध, नाही सापडली तर जुनी घे.

"मॅडमनी आधीच सोय केलीये, सर."

"हो," तो म्हणाला. "कुठंही जायची तर आधी स्वयंपाक करून ठेवायची."