मुकी पट्टी

लेक ज्या वॉर्डात होती, तिथल्या मुलांच्या औषधांसाठी आईनं घरातच मैफल ठेवली होती. शेजाऱ्यांच्या खुर्च्याही पुरल्या नाहीत; उशिरा आलेले जिन्यावर बसले. पियानो वाजवणाऱ्या बाई दुपारीच म्हणाल्या होत्या, "मधली एक पट्टी मुकी आहे. दुरुस्त करून घेऊया?" "असू दे," आई म्हणाली. लहानपणी लेकीनंच आत केसांची पिन टाकलेली. वाजवताना ती पट्टी आली की तिचं फर्मान सुटायचं, "बाबा, तुम्ही म्हणा." बाबा हातातलं काम टाकून तेवढाच सूर लावायचे. लेक गेली, तसं त्यांचं गुणगुणणंही गेलं. मैफल रंगली. सूर खोलीभर तरंगले, मध्येच एक जागा रिकामी गेली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मात्र दारातून, पाण्याचा ट्रे धरून, बाबांनी ती हलकेच भरली. आईला वळून बघवेना. पुढच्या वेळी बाईंनीच बोट उचलून वाट पाहिली.