बुरुजाखालची हाक

जळता बुरुज सोडायला केतकीची वीरांगना तयार नव्हती. रविवारच्या त्या फाशांच्या खेळात प्रत्येकाचं एकेक पात्र होतं. हेरंब मायावी जादूगार होता आणि डाव हातचा जाईल म्हणून उतावीळ झाला होता. "मी हिच्या वडिलांच्या आवाजाचा भ्रम निर्माण करतो," तो म्हणाला आणि त्याने खर्जात हाक मारली, "केतू, चल गं बाळा, उशीर झाला."

केतकीचे खरे बाबा दारातून अशीच हाक मारायचे. त्यांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. डाव जिंकायला आपण काय वापरलं, हे कळून हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खेळ चालवणाऱ्या मुग्धाने वीस बाजूंचा फासा पुढे सरकवत हळूच नियम सांगितला, "फासा टाक, केतकी. पंधराच्या वर पडलं, तर आवाज खोटा असल्याचं वीरांगनेला कळेल."

"नाही टाकणार." केतकीने फासा मुठीत आवळला. "पुन्हा म्हण ना, हेरंब."

"चुकलो गं मी."

"म्हण."

त्याने हाक मारली. आवाज चिरकला, तिच्या बाबांसारखा मुळीच निघाला नाही. तरी डोळे मिटून केतकी म्हणाली, "आले, बाबा."