मोगऱ्याच्या तोंडावरची पट्टी

"कुमुद, हे तुलाच काय, अख्ख्या अकोल्यात कुणाला पटायचं नाही," वामनराव म्हणाले, "पण आपल्या दोडक्यानं स्वतःच्या वाटचं पाणी महिनाभर मोगऱ्याला पाजलं. कुंडीतून मूळ बाहेर काढायचा, रांगत जायचा आणि पाजून परत यायचा."

कुमुदताई लेकीच्या बाळंतपणाहून नुकत्याच परतल्या होत्या. वैशाखात घराला मोजकंच पाणी मिळायचं. जाताना त्यांनी बजावलं होतं, "पाणी कूलरलाच घाला. तुमचं बीपी सांभाळा. मोगरा गेला तर जाऊ द्या." एवढं बोलून त्या वाळलेल्या काटकीला हात लावून गुपचूप रडल्याही होत्या. ते वामनरावांनी खिडकीतून पाहिलं होतं.

आता त्याच काटकीवर अकरा कळ्या होत्या.

"मग दोडका काय म्हणतो?"

"तो लाजतो." त्याला वामनरावांनी सकाळीच शेणखत घालून गप्प केलं होतं. मोगऱ्याचा मात्र भरवसा नव्हता. झाडांना बोलतं करणारी बटणं घरोघर आली होती, पण थापा मारायला झाडांना अजून कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मोगऱ्याच्या बटणावर त्यांनी जखमेची चिकटपट्टी लावून ठेवली होती.

"याला काय लागलं हो?" म्हणत कुमुदताईंनी पट्टी ओढली.

"काकू, सगळ्या थापा आहेत," मोगरा म्हणाला. "कूलर महिनाभर कोरडा आहे. काका ओला पंचा डोक्यावर घेऊन माझ्याशेजारी बसायचे."