दंडातला उंदीर

"चल, ऊठ," बाईंनी आपल्या उजव्या हाताला दरडावलं. हात उशीवर ढिम्म पडून राहिला.

इंग्रजीच्या तासाला बाईंनी नुसती नजर फिरवली, की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. हा एक हात मात्र, अर्धांगाचा झटका आल्यापासून, त्यांना भीक घालत नव्हता.

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी त्यांच्या दंडावर दोन बोटं टेकवून बसली होती. आतला मसल जरासा जरी थरथरला, तरी तिला कळणार होतं.

"मसलला ऑर्डर द्या, बाई. अजून एकदा." मग नजर चुकवत ती पुढचं बोलली. "आज काही हललं नाही, तर उद्यापासून आपण डाव्या हाताने लिहायला शिकू."

बाईंनी उजव्या हाताकडे पाहिलं. फळ्यावरचं त्यांचं वळणदार अक्षर याच हाताचं होतं. पण घाबरलेलं दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मसल म्हणजे काय गं?"

"स्नायू."

"तो झाला अर्थ. शब्द आला कुठून?"

"ते नाही माहीत, बाई."

"लॅटिनमधून. मुस्कुलुस, म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी सरकतं ना, ते बघून कुणाला तरी उंदीर आठवला."

"आपण त्याला बेटकुळी म्हणतो, म्हणजे छोटी बेडकी," खिडकीपाशी बसलेले बाईंचे यजमान म्हणाले. "उंदरापेक्षा बेडूक बरा. निदान कपडे तरी कुरतडत नाही."

"तुम्ही जरा गप्प बसा," असं म्हणून बाई स्वतःच थबकल्या. आत उंदीर होता, आणि त्या सकाळपासून त्याच्यावर खेकसत होत्या. दरडावल्यावर कुठला उंदीर बाहेर येतो?

"अहो, कपाटातला खडू द्या. माझ्या हातावर ठेवा. आणि आता कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा."

यजमानांनी त्यांच्या उताण्या तळहातावर खडू ठेवला आणि ते तिथेच उभे राहिले. बाईंनी डोळे मिटले. हाताला त्यांनी काहीच सांगितलं नाही. मनातल्या मनात फळा स्वच्छ पुसला आणि वरच्या कोपऱ्यातून लिहायला घेतलं, रोज घ्यायच्या तसंच. एक ओळ झाली. दुसरी सुरू केली.

मुलीने श्वास रोखला. तिच्या बोटांखाली कातडी इवलीशी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तळहातावरचा खडू कलंडला.

"हलली! अगं, बेटकुळी हलली!" यजमान जवळजवळ ओरडलेच.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते त्यांनी ओघळू दिलं.

"हळू बोला," त्या कुजबुजल्या. "उंदीर आहे तो. बिळात जाईल परत."